बिनजिन्याची गाडी

देवणीकडच्या आमच्या गावात बैलाला शाना म्हटलं तर ते कौतुक असतं आणि माणसाला म्हटलं तर शिवी. औताचं वळण आपणहून ओळखणाऱ्या बैलाच्या पाठीवर थाप मारून वडील म्हणायचे, "लई शाना हाय गडी." तेच वडील मी जेवताना काही विचारलं की म्हणायचे, "लई शाना झाला का?" शब्द एकच, पण बैलाला थाप मिळायची आणि मला टपली. त्यामुळे नांदेडला औषधांच्या एजन्सीत नोकरी लागली तेव्हा गप्प बसायची कला मी गावाकडूनच शिकून आलो होतो. ती कला ज्या घरात अजिबात उपयोगी पडली नाही, त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे आमच्या बाई.

खोली बघायला गेलो तेव्हा त्या अंगणात वाकून छत्रीने पायरीची उंची मोजत होत्या. ठेंगणी मूर्ती, सुती साडी आणि पायात शाळेतली मुलं पीटीला घालतात तसे पांढरे बूट. मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं, "मी साधा माणूस आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"कशावरून?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

एवढ्या चांगल्या वाक्याला कुणी पुरावा मागेल असं वाटलंच नव्हतं. मी नुसता उभा राहिलो. बाई सरळ झाल्या, छत्री काखेत मारली आणि म्हणाल्या, "उत्तर न्हाई म्हणून गप बसला, थाप न्हाई मारली. सामान घेऊन ये लेकरा."

बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं होतं. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं की सांगायच्या, "बघायला येणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायची. परत कुणी आलं न्हाई." तो प्रश्न 'कशावरून' हाच असणार याबद्दल गल्लीत कुणाला शंका नव्हती. भाजीवाली म्हणायची, "बाई, कोथमीर ताजी हाय." बाई म्हणायच्या, "कशावरून?" भाजीवाली कपाळावर हात मारून म्हणायची, "आता काय कोथमिरीचा जन्मदाखला आणू? लई शान्या हाव बाई तुमी!" त्यावर बाई मान लववून, अगदी अदबीने "शुक्रिया" म्हणायच्या आणि जुडी पिशवीत टाकायच्या.

हा शुक्रिया त्यांचा ठरलेला. त्यांना दिवसातून एकदा तरी कुणी ना कुणी 'लई शान्या' म्हणायचंच. रिक्षावाला म्हणायचा, बँकेतला शिपाई म्हणायचा, सख्खा भाऊ फोनवरून म्हणायचा. प्रत्येकाला तोच शुक्रिया. मी एकदा विचारलं, "बाई, धन्यवाद का नाही म्हणत?" तर म्हणाल्या, "धन्यवाद म्हणलं की समोरच्याला टोमणा वाटतो. शुक्रियानं तो गोंधळतो. तेवढ्यात आपण निघून जायचं."

शब्द उचललेला होता शेजारच्या खालांकडून. खाला म्हणजे बाईंच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, त्यांच्याच वयाच्या. सगळी गल्ली त्यांना खाला म्हणायची, फक्त बाई आपा म्हणायच्या. खालांच्या घरात तीन पिढ्या शिलाईचं काम. मधल्या भिंतीत एक खिडकी होती आणि तिच्यातून वाट्या, ताटल्या आणि भांडणं अशी तिन्हींची ये-जा चालायची.

घराचा एक कायदा होता. अंगणात कढीपत्त्याचं झाड आणि त्याच्या बुडाशी पितळी लोटा. त्या अंगणात कुणीही 'आपल्याला काय करायचंय' असं म्हटलं, की त्याने नळावरून लोटा भरून झाडाला घालायचा. दूधवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला, पाहुण्यारावळ्यांना, कुणालाच सवलत नव्हती. हे वाक्य आपल्याकडे श्वासासारखं निघतं, हे मला तिथे कळलं. रस्ता कुणी खोदला? आपल्याला काय करायचंय. शाळेत मास्तर का येत नाहीत? आपल्याला काय करायचंय. पहिल्या महिन्यात मी इतकं पाणी घातलं की बाई म्हणाल्या, "थोडं आवर लेकरा, मुळं कुजतील." ते झाड गच्चीच्या वर गेलं होतं आणि अख्ख्या गल्लीची फोडणी त्याच्यावर चालायची.

बाईंच्या नोकरीत बदल्या फार झाल्या. किल्लारीकडच्या एका लहान गावात शाळेची नवी इमारत झाली तेव्हा बघायला साहेब आले. सगळे हार घेऊन उभे आणि बाईंनी विचारलं, "साहेब, ओटा कुठंय? पोरं डबे खायला बसतील कुठं?" साहेब म्हणाले, बाई फार शहाण्या दिसतात. बाई म्हणाल्या शुक्रिया. पुढच्या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. "पण वटा झाला बरं का," त्या मला डोळे मिचकावत सांगायच्या. "गावानंच बांधला. पोरं मातीत बसून जेवत्यात म्हणून एका म्हातारीनं सरपंचाला लई शिव्या घातल्या म्हणं."

आम्ही लोक हुशारीचा दुस्वास करतो असं मी एकदा जरा जड आवाजात म्हणालो. लातूरला बघा, मी म्हटलं, तिथे अभ्यासाचं किती कौतुक! बाई हसल्या. "कौतुक मार्कांचं हाय रे. मार्क घेऊन गप बसणारं लेकरू सगळ्यांना आवडतं. त्यानंच उद्या विचारलं की ह्ये असं का, मग तो शाना झाला." हे बोलताना त्या चिडल्या नव्हत्या, कैरी चिरत होत्या. राग त्यांच्या आवाजात मी एकदाच ऐकला, आणि तो लाईट रेलच्या वेळी.

एका उन्हाळ्यात शहरात अशी रेल, म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी छोटी गाडी, आणायची चर्चा सुरू झाली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर तेच. एका टेबलाला खांबांवरून धावणारी मेट्रो हवी होती, कारण त्याशिवाय शहर शहरासारखं दिसत नाही. दुसरं टेबल म्हणे आधी गटारं करा. तिसऱ्यावरच्या एकाचा आतेभाऊ ऑटो चालवत होता, त्यामुळे तिथे होकाराचा प्रश्नच नव्हता. नकाशा कुणीच पाहिलेला नव्हता, म्हणून सगळ्यांची मतं ठाम होती. बाईंनी मात्र छत्री घेतली आणि गाडी जिथून विष्णुपुरीकडे जाणार म्हणत होते तो जुन्या शहरातला रस्ता आडवी छत्री टाकत टाकत मोजून काढला. मागे ऑटोंची रांग, हॉर्नचा कल्लोळ, आणि पांढरे बूट घालून मध्ये बाई. वाहतूक पोलिसाने विचारलं, "आजी, काय हरवलं?" त्या म्हणाल्या, "रस्ता."

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला ठाऊक होतं. खालांचे गुडघे गेले होते. विष्णुपुरीच्या दवाखान्यात दर आठवड्याला शेक आणि व्यायाम घ्यायला यायचंच, नाही आलात तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऑटोची पायरी खालांना चढवेना. दोन माणसं काखेत हात घालून वर ओढायची आणि आतले लोक बघत राहायचे. "सोयाबीन का पोता चढाए सरीका चढाते मेरेकू," खाला एकदा खिडकीतून म्हणाल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी दवाखाना बंद केला. आता त्या भिंत धरून चालत. बाई रोज त्या खिडकीतून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत आणि तो आवाज दिवसेंदिवस हळू होत होता.

लोकांचं म्हणणं ऐकायला पालिकेने आमच्या भागातल्या मंगल कार्यालयात सभा बोलावली. पुण्याकडचा एक तरुण इंजिनिअर पडद्यावर चित्रं दाखवायला आला होता. त्याने तोंड उघडून "लाईट रेल" एवढंच म्हटलं आणि मागून आवाज आला, "लाईट दिसातून कितीदा जाती म्हाईत हाय का साहेब? रेल मधीच थांबली तर ढकलायला कोण?" हशा पिकला. इंजिनिअर बिचारा घाईने म्हणाला, "नाही नाही, लाईट म्हणजे वीज नव्हे. लाईट म्हणजे हलकी."

हे बोलून तो आगीतून फुफाट्यात पडला. आमच्या भागाचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते उठले. "हलकी? पुण्या-मुंबईला भारी मेट्रो आन् आमाला हलकी? मराठवाड्याला कवर हलकाच माल देणार?" टाळ्या, शिट्ट्या. कुणीतरी 'हलकी रेल परत जा' अशी घोषणाही दिली. मराठवाड्याच्या जुन्या दुखण्यावर त्या मुलाने नकळत बोट ठेवलं होतं.

बाई उठल्या. हलकी म्हणजे कमी दर्जाची नव्हे, ही गाडी रस्त्याच्या पातळीवरून जाते, असं समजावायला लागल्या. रुंदी, वळणं, कुठे घोडं अडेल तेही सांगू लागल्या. एका वळणावर ही गाडी बसणारच नाही, तिथे काय करणार, असं त्यांनी इंजिनिअरलाही विचारलं. भाऊंनी हात वर केला. "बाई, लई शान्या हाव तुमी. बसा आता खाली." सगळं कार्यालय हसलं.

मी शुक्रियाची वाट बघत होतो. तो आला नाही. बाई बसल्या आणि छत्रीच्या मुठीवरचा दोरा उलगडत राहिल्या.

घरी येताना त्या म्हणाल्या, "भायेरच्यानं म्हणलं तर म्हणू दे. ह्याला मी शिकिवलंय रे. वर्गात सगळ्यात आधी कशावरून म्हणून विचारणारं हेच पोरगं होतं." त्यांचा आवाज रागाने चिरकला होता. मला भाऊंचा असा संताप आला की त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

त्यानंतर बाईंचं कशावरून बंद झालं. भाजीवालीने कोथिंबीर ताजी आहे म्हटलं की नुसती मान हलवायच्या. चौथ्या दिवशी भाजीवालीच मला म्हणाली, "बाईला बरं न्हाई का वो?"

काही दिवसांनी दुसऱ्या सभेचं बोलावणं फिरलं. या भागातल्या लोकांना नको असेल तर गाडीचा रस्ता बदलून बायपासकडच्या नव्या वसाहतींतून न्यायचा, असं वरच्यांनी ठरवत आणलं होतं. म्हणजे आमच्या गल्लीला आणि खालांना रामराम. मी धावत येऊन बाईंना सांगितलं. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. ताटातला खडा उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "जाऊ दे. आपल्याला काय करायचंय."

खिडकीत खाला होत्या. त्या बाहेर आल्या. आपल्या दारातून, भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत आमच्या अंगणात आल्या. कढीपत्त्याशी कष्टाने वाकल्या, लोटा उचलला आणि बाईंच्या पुढे धरला.

बाईंनी लोट्याकडे पाहिलं, मग खालांच्या गुडघ्यांकडे. उठल्या, नळावर गेल्या, लोटा भरला आणि झाडाच्या बुडाशी ओतला. मग पदराने हात पुसत मला म्हणाल्या, "सभा कवा हाय म्हणला?"

सभेच्या दिवशी दोघी हात धरून निघाल्या. कार्यालय गल्लीच्या टोकालाच होतं, तरी पोचायला वेळ लागला. सभा वरच्या मजल्यावर. पहिल्या वेळी ही गोष्ट कुणाच्या डोक्यातही आली नव्हती. खाला जिन्यापाशी थांबल्या. "तू जा. मैं इधरीच बैठती." बाईंनी जिन्याकडे पाहिलं, छत्रीने एक पायरी मोजली आणि मधली सुट्टी संपल्यावर ओरडत असतील तशा तिथूनच ओरडल्या, "सभा खाली आणा!"

वरून हसण्याचा आवाज आला. आणि इथे नांदेडची लाईट मदतीला आली. म्हणजे गेली. पंखे थांबले, पडदा काळा झाला, आणि उन्हाळ्याच्या त्या दुपारी घामाघूम झालेली सगळी सभा आपल्या पायांनी खाली उतरली.

कार्यालयाच्या मागच्या अंगणात सावली होती. तिथे दुसऱ्या दिवशीच्या लग्नाची भांडी उतरवायला आचाऱ्याचा टेम्पो ओट्याला पाठ लावून उभा होता. पातेली सरळ ओढत नेता यावीत म्हणून ओटा आणि टेम्पोचा तळ अगदी एका पातळीत, आणि ओट्यावर यायला जमिनीपासून उतार. सगळे त्या ओट्याभोवती जमले.

"बेटा," खालांनी इंजिनिअरला विचारलं, "तेरे गाडीकू पायऱ्या कित्ते?"

"एकही नाही खाला. जिनाच नाही तिला."

"कशावरून?" खाला म्हणाल्या.

लोक हसायच्या बेतात होते. पण बाईंच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड आला. त्यांनी छत्री उचलली. एक टोक ओट्यावर, दुसरं टेम्पोत, अशी आडवी ठेवली. छत्री अजिबात कलली नाही. "आपा," त्या म्हणाल्या, "हा वटा म्हणजे टेसन समज. टेम्पो म्हणजे गाडी. चल."

खाला उतारावरून हळूहळू ओट्यावर गेल्या. मी हात पुढे केला, तो त्यांनी नको म्हटला. ओट्याच्या कडेला क्षणभर थांबल्या. मग एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पातेल्यांच्या मधोमध टेम्पोत उभ्या राहिल्या. कुणी ओढलं नव्हतं, कुणी काखेत हात घातला नव्हता. त्यांनी मागे वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

"अगे, चढ गई मैं! तो सीधा बोलो ना," त्या इंजिनिअरला म्हणाल्या. "बिनजिने की गाडी!"

त्या शब्दाने काम केलं. गुडघे प्रत्येकाच्या घरात असतात. मागच्या बाजूने एकाने विचारलं, मायला चाकाच्या खुर्चीतून नेता येईल का? दुसऱ्याने विचारलं, बाजाराच्या दिवशी हातगाडे कुठे लावायचे? बाईंनी ते वळण पुन्हा काढलं, आणि या वेळी इंजिनिअरने खाली बसून फरशीवर खडूने त्यांना ते दाखवलं. पटलं नाही तेव्हा बाईंनी पटलं नाही म्हणून सांगितलं. आमच्या भागात लोकांनी एकमेकांना शाना न म्हणता एवढे प्रश्न विचारलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. तोंड मिटून बसायची गावाकडची कला विसरून मीही दोन प्रश्न विचारले.

भाऊ कडेला उभे होते. मग त्यांनी टेम्पोकडे बोट करून इंजिनिअरला विचारलं, "ती गाडी यायची तवा येईल. तवर बसच्या थांब्याला असा वटा करता येत न्हाई का?"

मी आता लातूरला असतो. इथल्या ऑफिसात कुणी मला शाना म्हटलं की मी शुक्रिया म्हणतो आणि माणसं गोंधळतात. रेल अजून आलेली नाही. येईल की नाही यावर हॉटेलातली तिन्ही टेबलं अजून भांडतात. बाईंचं त्या वळणाबद्दल समाधान झालेलं नाही आणि त्या ते सगळ्यांना सांगतात. पण नकाशावरची रेघ आमच्या गल्लीवरून हलली नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी आणि विष्णुपुरीच्या दवाखान्यापाशी, अशा दोन थांब्यांना उतार असलेले ओटे बांधले आहेत. कमी उंचीची एक बस त्यांना लागते. गल्लीत तिला बस म्हणत नाहीत, बिनजिन्याची म्हणतात.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बाई अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होत्या. मी हसून म्हणालो, "काय बाई, आज तुम्ही म्हणालात वाटतं?" त्या कुरकुरल्या, "कुठलं रे! आता कुणी म्हणतच न्हाई मेलं. झाड वाळून चाललं, मलाच घालावं लागतं."

खालांचा दवाखान्याचा दिवस होता, म्हणून आम्ही तिघे थांब्यावर गेलो. खालांच्या चपलांचा आवाज आता बराच भरभर येत होता. ओट्यावर भाऊ उभे होते, आपल्या आईचा हात धरून. बाईंना बघून ते जरा चपापले. बस आली, ओट्याला लागली. खाला आत गेल्या, मागोमाग भाऊंची आई गेली, कुणाच्याही मदतीशिवाय. भाऊ आईच्या पाठीकडे बघत राहिले. मग बाईंकडे वळले.

"बाई," ते म्हणाले, "लई शान्या हाव तुमी."

तोच माणूस, तेच शब्द. फक्त आवाज असा, जसा माझे वडील बैलाच्या पाठीवर हात ठेवून काढायचे. बाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभर ज्या वाक्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, त्याच वाक्याला त्या पार अडखळल्या. चष्मा काढून पदराने पुसायला लागल्या, नुसत्या पुसतच राहिल्या.

बसच्या खिडकीतून खालांनी डोकं बाहेर काढलं.

"शुक्रिया बोल गे," त्या म्हणाल्या.